वाघिणी मोजता मोजता

तेहेतीस वर्षे मी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. ‘कॅनडाचे नैसर्गिक व आर्थिक विभाग’ हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर नकाशा काढायचा, त्याचे उभे तुकडे करायचे आणि उजवीकडून डावीकडे मजकूर भरत जायचे. अटलांटिक किनारा म्हणजे मासेमारी. क्वेबेक व ओंटॅरिओ म्हणजे कारखाने. प्रेअरी म्हणजे गहू. ब्रिटिश कोलंबिया म्हणजे लाकूड. आणि सगळ्यांच्या डोक्यावर उत्तरेची बर्फाची टोपी. पाच विभाग, पाच गुण. मुलांना पाठ, मलाही पाठ. त्या तुकड्यांत माणसे राहतात, त्यांची मुले एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात आणि मागे आईबाप उरतात, हा विचार मुलांच्या मनात आला नाही आणि माझ्याही नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात तो धडा मला पुन्हा शिकावा लागला. शिकवणी जरा महाग पडली. ती कशी, हे सांगण्याआधी धायरीविषयी चार शब्द सांगायला हवेत. कारण ह्या हकीकतीत कॅनडाइतकीच धायरीही आहे.

१९८६ साली धायरीत आम्ही दीड गुंठ्याचा तुकडा घेतला, तेव्हा आमच्या स्नेह्यांनी आम्हांला वेड्यात काढले. सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याला उतरायचे आणि तिथून ज्वारीच्या शेतांमधून पायी चालत यायचे. धारेश्वराच्या देवळातली घंटा घरात ऐकू येई. पुढे शेते गेली, सोसायट्या आल्या आणि २०१७ साली गाव पुण्याच्या महापालिकेत गेले. आमचे बैठे घर मात्र चारी बाजूंच्या इमारतींच्या मध्ये एखाद्या चुकलेल्या मुलासारखे उभे राहिले. गच्चीवरून सिंहगड तेवढा अजून दिसतो.

त्या गच्चीवर उभा राहून मी मुलांना प्रादेशिक भूगोल समजावून देत असे. पश्चिमेला वेल्हे-मुळशीचा भातपट्टा, तिथे पाऊस छपराची कौले मोजतो. दक्षिणेला दिवेघाट ओलांडला की पुरंदरची अंजिरे नि सीताफळे. पूर्वेला दौंड-इंदापूर, तिथे ढग नुसतेच वरून जातात, परंतु खडकवासल्याचे पाणी कालव्याने पोचते आणि ऊस डोलतो. एस.टी.ने दोनअडीच तासांत तीन निरनिराळे मुलूख! शिवाय खडकवासल्याचे १८७९ साली पुरे झालेले धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तरीही आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण कुणी धायरीकरानेच केली असावी, असा माझा जुना संशय आहे.

तर अशा ह्या दीड गुंठ्याला २०१९ साली एकाएकी मोल आले. शेजारचे तीन तुकडे आणि आमचा मिळून मोठी इमारत बांधायची, असे एका बांधकाम-व्यावसायिकाच्या मनात होते. तिकडे आमचे चिरंजीव पाच वर्षांपूर्वी कॅनडात शिकायला गेलेले, नोकरीला लागलेले, लग्न करून टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन गावात एका घराच्या तळघरात भाड्याने राहणारे. टोरोंटोच्या आसपास साध्या स्वतंत्र घराची किंमत दहा लाख डॉलरांच्या घरात. चिरंजीवांचे पत्र आले. म्हणजे फोन आला, परंतु बोलणे पत्रासारखेच पाठ केलेले होते. “बाबा, धायरीचा प्लॉट देऊन टाकू. इथे घर घेऊ. तुम्ही नि आई इकडेच या. तिथे एकटे कशाला राहता?”

दुसराही एक मार्ग होता. प्रेअरीवरच्या सॅस्काटून शहरात एका पोटॅश-खाणीच्या कंपनीकडून त्याला मुलाखतीचे बोलावणे आले होते. तिथे घर टोरोंटोच्या तिसऱ्या हिश्शात मिळत होते. पण सूनबाईंचे मन घेईना. टोरोंटोला मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, चकलीची भाजणी मिळते. आणि सॅस्काटूनला? “उणे पस्तीस तपमान!” एवढेच ती म्हणाली.

मी सांगितले, “मी आधी देश पाहीन, मग सही करीन. आणि पाहायचा तो आगगाडीतून.” वरवर हा भूगोल-मास्तराचा हट्ट होता. आता सहा वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, की माझ्या पोटात निराळेच होते. दोन्ही ठिकाणे नाकारण्याजोगी काही कारणे हाताशी लागावीत आणि मुलाने मुकाट्याने पुण्याला परत यावे, एवढ्यासाठी माझी ही सारी शोधमोहीम होती.

आरंभी दोन दिवस मॉन्ट्रियल पाहिले. क्वेबेक प्रांतात पाऊल टाकताच पाट्या फ्रेंच होतात. आपल्याकडे दुकानावरची मराठी पाटी शोधावी लागते; तिथे इंग्रजी अक्षर शोधावे लागते. ह्या प्रांताने देशातून वेगळे व्हावे काय, असा कौल १९८० साली आणि पुन्हा १९९५ साली घेतला गेला. दुसऱ्या वेळी ‘राहू या’ म्हणणारे जिंकले ते ५०.५८ टक्क्यांनी. म्हणजे एका मोठ्या देशाचा नकाशा काठावर पास झाला! प्रांताचे खरे धन उत्तरेच्या नद्यांत आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या सरकारने वीज कंपन्या ताब्यात घेतल्या, पुढे जेम्स उपसागराकडच्या नद्या अडवल्या आणि विजेबरोबर भाषेलाही पाठीचा कणा आला. आपल्याला कोयना आठवावी, असेच हे प्रकरण.

मग टोरोंटोहून ‘कॅनेडियन’ गाडी धरली. टोरोंटो ते व्हँकूव्हर ४४६६ किलोमीटर, चार रात्री. आम्ही मध्ये सॅस्काटूनला उतरणार होतो. सामान लागल्यावर आमची ही म्हणाली, “अहो, चार रात्री गाडीतच काढायच्या तर पुण्याहून दोनदा दिल्लीला जाऊन आलो असतो. तिथे निदान वाटेत वडे मिळतात.”

ह्या गाडीची एक गंमत आहे. रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत, उतारूंची गाडी त्यावर पाहुणी. त्यामुळे समोरून मालगाडी आली की उतारूंनी बाजूच्या सायडिंगला सरायचे आणि तिला वाट द्यायची. आपल्याकडे मालगाडी बिचारी तासन्‌तास खोळंबते; तिथे माणसे खोळंबतात. मालगाडीही साधी नव्हे. दोनतीन किलोमीटर लांब! वेळ जावा म्हणून मी वाघिणी मोजू लागलो. एकदा १६३ भरल्या. शेजारच्या बाईंना माझे पुटपुटणे चमत्कारिक वाटले असावे. हिने त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितले, की आमच्या भाषेत वॅगनला वाघीण म्हणतात आणि माझे पती वाघिणी मोजताहेत. त्यानंतर त्या बाई माझ्याकडे जरा आदराने पाहू लागल्या.

मोजता मोजता एक गोष्ट ध्यानात आली. जो धडा मी तीस वर्षे फळ्यावर लिहिला, तोच माझ्या खिडकीसमोरून सरकत होता. पश्चिमेकडे नव्या मोटारींच्या बंद वाघिणी चालल्या होत्या, त्या ओंटॅरिओच्या. अमेरिकेशी १९६५ साली मोटारींचा करार झाला, तेव्हापासून दक्षिण ओंटॅरिओ म्हणजे त्या देशाचे पिंपरी-चिंचवड झाले आहे. पूर्वेकडे फळ्यांच्या थप्प्या येत होत्या. त्या ब्रिटिश कोलंबियाच्या. काळ्या गोल टाक्या अल्बर्टाच्या तेलाच्या. पोटाला फुगीर, खाली निमुळत्या वाघिणी प्रेअरीच्या धान्याच्या आणि पोटॅशच्या. आपला विभाग कोणता, हे इथल्या माणसाने सांगायची गरजच नाही. त्याच्या गावाहून काय भरून बाहेर जाते ते पाहावे.

पण ओंटॅरिओ संपता संपेना. महाराष्ट्राच्या साडेतीनपट प्रांत तो! टोरोंटो सुटले की काही तासांत शेती मागे पडते आणि ‘कॅनडाची ढाल’ सुरू होते. निम्मा देश ह्या खडकावर आहे. आपला दख्खनचा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणून आपण त्याला पुराणपुरुष म्हणतो. ह्या ढालीपुढे तो तान्हे बाळ. इथले कित्येक खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने. हिमयुगात बर्फाने वरची माती खरडून दक्षिणेकडे नेली. मागे उरले खडक, सूचिपर्णी झाडे आणि तळी. तळे संपले की तळे. हिने पहिली पन्नास तळी कौतुकाने पाहिली आणि नंतर विणकाम काढले.

ह्याच रानाच्या उत्तरेला नेस्कांतागा नावाची मूळ रहिवाशांची वस्ती आहे. जगातले इतके गोडे पाणी ज्या देशात आहे, त्या देशातल्या ह्या वस्तीला १९९५ सालापासून ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना लागू होती. तिथली माणसे त्याच सप्टेंबरात पाण्यापायीच गाव सोडून बाहेर आणली होती, असे गाडीत वर्तमानपत्रात वाचले. धरण उशाला, कोरड घशाला! म्हण धायरीची नव्हे तर, असे मी मनाशी म्हटले.

भोजनाच्या डब्यात आमच्या टेबलावर एक सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि त्यांच्या पत्नी असत. गृहस्थ न्यूफाउंडलंडचे. त्यांनी पहिल्याच जेवणात मला चकित केले. म्हणाले, “मी जन्मलो तेव्हा आमचे बेट कॅनडात नव्हते. १९४९ साली आलो आम्ही.” पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा कॉड माशाचा. यांत्रिक जहाजांनी समुद्र इतका उपसला, की २ जुलै १९९२ रोजी सरकारने उत्तरेकडच्या कॉडची मासेमारीच बंद केली. तीस हजारांवर लोकांची रोजी एका दिवसात गेली. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडावे लागले, आणि तेही मर्यादित प्रमाणात.

आजोबांचा मुलगा तेव्हा अल्बर्टात गेला, फोर्ट मॅकमरीला, डांबरी वाळूतून तेल काढायच्या कामावर. त्याच्याकडे ही दोघे निघाली होती. मी सहज म्हटले, “म्हणजे एकाच देशात आहात. बरे आहे.” ते हसले. “मला विमानाने लंडन जवळ पडते,” ते म्हणाले. “मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो. घराला नवे छप्पर घातले त्याने. गावात पुष्कळ नवी छपरे आहेत. छपराखाली मात्र म्हातारी माणसे.”

हे ऐकताना मला आपले कोकण दिसू लागले. मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर, तिच्यावर शाकारलेले घर आणि गणपतीपुरते उघडणारे दार. फळ्यावर मी ‘अटलांटिक किनारा — मासेमारी’ असे लिहीत होतो, त्या वर्षांतली निम्मी तिथे मासेमारी बंदच होती. अटलांटिक किनाऱ्यावरून वाघिणी भरून बाहेर जात होती ती माणसे.

दुसऱ्या रात्री विनिपेग गेले. पहाटे काचेच्या छताच्या डब्यात जाऊन बसलो आणि पाहतो तो जमीन एकदम आडवी झालेली. डोंगर नाही, झाड नाही, पिवळे धम्मक काड आणि वर अफाट आकाश. ढालीवरून खरडलेली माती बर्फाने इथे आणून टाकली. विनिपेगचा परिसर तर हिमयुगातल्या एका प्रचंड सरोवराचा तळच. मैलामैलावर उभी असलेली लाकडी धान्यकोठारे मात्र आता थोडी उरली आहेत. १९३० च्या दशकात ती साडेपाच हजारांवर होती. त्या सपाटीवर वाट चुकलेल्या माणसाला तीच खूण. आमच्या धायरीत सिंहगड, तिथे धान्याचे कोठार!

शेजारी एक शेतकरी येऊन बसला. मी भारतातला म्हटल्यावर त्याने दीर्घ श्वास घेतला. “म्हणजे मसुरीवरचा कर तुमचाच!” भारत सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात वाटाण्याच्या आयातीवर पन्नास टक्के आणि डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर तीस टक्के कर बसवला होता. सॅस्काटूनच्या विद्यापीठाने १९७० च्या दशकात तिथल्या हवेला मानवेल अशी मसूर तयार केली, गव्हाच्या जोडीला शेतकऱ्यांनी ती धरली आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक आपण. “माझ्या कोठारात दोन वर्षांची मसूर पडून आहे,” तो म्हणाला. मी त्याला सांगितले, की त्याच २०१७ साली आमच्या लातूर-अकोल्याकडचे शेतकरी तुरीची पोती घेऊन सरकारी केंद्रांवर दिवसच्या दिवस रांगेत उभे होते. भाव कोसळला होता. तो बराच वेळ बाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे त्याचेही कोठार भरलेलेच.” पुढे २०२१ साली मसुरीवरचा कर उतरला. तेव्हा मला त्याची आठवण झाली.

सॅस्काटूनला चिरंजीव विमानाने येऊन आमच्या आधी पोचले होते. पुढची गाडी येईपर्यंत आमचा मुक्काम तिथेच होता. मी टिपणवही काढून दोष लिहू लागलो. थंडी : सप्टेंबरातच सकाळी कानटोपी. गाव : टुमदार, परंतु एका टोकाला उभे राहिले तर दुसरे टोक दिसावे. डोंगर : नाही. मराठी माणसे : मोजकी. यादी मनासारखी वाढत होती.

मार्क्विस गव्हाची हकीकत मला तिथेच कळली. प्रेअरीवर पहिल्या वसाहतकारांचा गहू चांगला होता, परंतु पिकायला वेळ लावी आणि शरदातले पहिले हिम त्याला गाठी. कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या ‘रेड फाइफ’चा संकर एका परदेशी वाणाशी केला गेला, आणि चार्ल्स साँडर्स ह्या संशोधकाने १९०४ च्या सुमारास त्यातून ‘मार्क्विस’ निवडला. तो आठवडाभर आधी पिके. त्या आठवड्यावर सगळी प्रेअरी उभी राहिली. आणि तो परदेशी वाण कुठला? ‘हार्ड रेड कलकत्ता’. म्हणजे हिंदुस्थानातला! ज्या गव्हाचे कोठार म्हणून मी तीस वर्षे बोट दाखवले, त्या गव्हाची आई आपल्याकडची होती. एवढ्या थंडीत ती कशी रुजली असेल, कोण जाणे. हे मी दोषांच्या यादीत लिहिले नाही. कुठल्या यादीत लिहावे, तेही सुचेना.

मुलाखत संपवून मुलगा संध्याकाळी आला तो निराळाच होऊन. आम्ही नदीकाठी बाकावर बसलो होतो. तो उभ्यानेच सांगू लागला. सुमारे एक किलोमीटर खोल खाण. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे क्षार. यंत्रे कशी पोखरत जातात, हवा कशी खाली सोडतात. “आणि बाबा, पोटॅश म्हणजे आपला पालाश! नत्र, स्फुरद, पालाश. भारतात तो जवळपास निघतच नाही, सगळा बाहेरून येतो. बारामतीच्या उसाला इथला पालाश जात असेल!” बोलताना त्याचे दोन्ही हात खाणीचा आकार काढत होते.

मी त्या हातांकडे पाहत राहिलो. सातआठ वर्षांचा असताना रविवारी मी त्याला खडकवासल्याला नेत असे. घरी आल्यावर धरणाचे दरवाजे कसे उघडतात ते तो आईला अशाच हातांनी दाखवी. टोरोंटोच्या तळघरात दोन आठवडे आम्ही त्याच्याजवळ होतो. तिथे तो फक्त व्याजाच्या दराविषयी बोलला, हात खिशात घालून.

मी टिपणवही मिटली. म्हटले, “धायरी विकायची नाही. तुला टोरोंटोच्या घराची गरजच नाही. तू इकडे ये.” सूनबाईंना पटवायचे काम त्याचे त्याला करावे लागणार होते, आणि ते त्याने पुढे केले. तो मोठ्याने हसला. मग त्या सपाट क्षितिजाकडे पाहून हळूच म्हणाला, “बाबा, इथे सिंहगड नाही हो.” परत ये, असे म्हणायला तोंडावर आले होते. मी ते म्हटले नाही.

पुढच्या गाडीत बसल्यावर ही बराच वेळ गप्प होती. मालगाडीला वाट देण्यासाठी आम्ही थांबलो तेव्हा म्हणाली, “म्हणजे आता धायरीला आपण दोघेच.” मी वाघिणी मोजत होतो, मोजणी चुकली.

अल्बर्टात काळ्या टाक्यांची रांगच लागली. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनजवळ लेडूक येथे मोठा तेलसाठा लागला आणि गहू-गुरांच्या प्रांताचे दैव फिरले. एक सहप्रवासी तावातावाने सांगत होता, की तेल आमचे आणि पैसा क्वेबेकला! त्या देशात १९५७ पासून एक व्यवस्था आहे : मागे पडलेल्या प्रांतांना केंद्राने पैसा पुरवून सर्वांना सारख्या सोयी मिळतील असे पाहायचे. १९८२ साली हे तत्त्व राज्यघटनेतच घातले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अल्बर्टाही घेणाऱ्यांत होती, हे तो विसरला होता. मला आपला ‘अनुशेष’ आठवला. पुण्याच्याच वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ह्यांचा हिशेब मांडला; त्यावरून आपण अजून भांडतो. खडकवासल्याचे पाणी पुण्याने किती प्यावे आणि इंदापूरला किती सोडावे, ह्यावर दर उन्हाळ्यात आपल्याकडे होणारे वादही ह्याच जातीचे. देणारा नेहमी आकडा लक्षात ठेवतो आणि घेणारा कारण. आम्ही धायरीला परतल्यावर, २१ ऑक्टोबरला तिथे निवडणूक झाली. देशभर सर्वांत अधिक जागा मिळवणाऱ्या पक्षाला अल्बर्टा आणि सॅस्कॅचेवानात एकही जागा मिळाली नाही. गाडीतला त्याचा चढलेला आवाज मला पुन्हा ऐकू आला.

मग रॉकी पर्वत आले. जॅस्परचे देखणे पर्वतीय गाव पाहिले. पुढे जुलै २०२४ च्या वणव्यात त्याचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. इथे एक गोष्ट मला अभिमानाने सांगायची आहे. आमची गाडी ज्या यलोहेड खिंडीतून तो जगप्रसिद्ध पर्वत ओलांडते, तिची उंची सुमारे ११३० मीटर. आणि आमचा सिंहगड १३०० मीटरच्या घरात! हिला हे सांगितले तेव्हा ती खिडकीबाहेर ३९५४ मीटरचा माउंट रॉबसन पाहत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता मान पुन्हा वळवली.

गाडी दहा तास उशिरा धावत होती, म्हणून रात्री जायचा तो मुलूख दिवसा दिसला. कॅमलूप्सच्या बाजूला उघडे पिवळे डोंगर, खुरटी झुडपे. थेट दौंडचा उन्हाळा. काही तासांनी फ्रेझर नदीच्या मुखाकडे आलो तो हिरवेगार, ओलेचिंब, शेवाळलेले; थेट ताम्हिणी. समुद्राकडून वारे येतात, डोंगर त्यांचे पाणी काढून घेतो आणि पलीकडच्यांना कोरडा वारा देतो. सह्याद्रीचाच कित्ता, मोठ्या अक्षरांत गिरवलेला.

व्हँकूव्हरला हिच्या भाचीकडे उतरलो. तिने आम्हांला बंदर दाखवले. मी चार दिवस मोजलेल्या वाघिणी इथे येऊन रिकाम्या होत होत्या. गव्हाची उंच कोठारे, लाकडाचे ओंडके, आणि पाण्यापलीकडे झळझळीत पिवळा डोंगर. तो अल्बर्टाच्या वायूतून काढलेल्या गंधकाचा. “हळदीचा ढीगच की हो,” ही म्हणाली. ह्याच बंदरात २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ जहाज ३७६ हिंदी उतारूंना घेऊन आले होते. दोन महिने ते पाण्यात उभे राहिले; थोडके अपवाद सोडता कुणाला उतरू दिले नाही आणि जहाज परत धाडले. कलकत्त्याच्या गव्हाला त्या देशात घर मिळून दहा वर्षे झाली होती. माणसांना ते मिळायला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

मुलगा २०२० च्या जानेवारीत सॅस्काटूनला गेला. सूनबाईंनी पहिला हिवाळा रडत काढला, दुसरा काढला आणि तिसऱ्या वर्षी तिथल्या चार घरांना जमवून गणपती बसवला. नात तिथेच जन्मली. बर्फात लोळते, आणि फोनवर मला विचारते, “आबा, तुमचा किल्ला दिसतोय का आज?” मी गच्चीवर जाऊन पाहतो आणि खरे तेच सांगतो. कारण पावसाळ्यात तो कित्येक दिवस दिसत नाही.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारेच्या विकाराची साथ आली. धायरी, नांदोशी, किरकटवाडीत घरोघर ‘पाणी उकळून प्या’ असे सांगितले गेले. पातेल्यात पाणी खळखळत असताना मला ओंटॅरिओच्या रानातली ती वस्ती आठवे. पुढच्याच महिन्यात तिथल्या सूचनेला तीस वर्षे झाली. आमची साथ काही महिन्यांत ओसरली.

बांधकाम-व्यावसायिक अजून अधूनमधून येऊन चहा घेऊन जातो. आम्ही त्याला नाही म्हणतो. मुलगा आता परत येईल असे आम्हांला वाटत नाही. तरी घर आहे तसे ठेवले आहे. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या वाण्याने मसूर दाखवली. मी चष्मा लावून पोत्यावरची अक्षरे वाचली, तर खाली लहान टायपात कॅनडा! वाणी म्हणाला, “घ्या आजोबा, लवकर शिजते.” एक किलो म्हणून गेलो होतो, दोन किलो घेतली.

हिने ती रात्री आमटीला टाकली आणि पहिला चमचा चाखून म्हणाली, “मीठ कमी पडलंय.” मग मीठ घालून पुन्हा चाखली. “आता बरी आहे,” ती म्हणाली, “आपल्याच घरची वाटते.”